‘नागिणीची गोळी’ आणि ‘कमरेची गोळी’: गॅबापेंटिन घेणाऱ्या एका आजींचे प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात मानेवाडा रस्त्यालगतच्या एका वस्तीत माझे औषधांचे दुकान आहे. ज्यांची हकिगत येथे मांडली आहे त्या आजी आमच्या जुन्या ग्राहक आहेत. ओळख पटू नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले किंवा गाळले आहेत; औषधे, त्यांच्या मात्रा आणि तपासणीचे आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मुलाची व सुनेची संमती घेऊनच हे लिहीत आहे. या प्रकरणातली एक चूक माझ्या काउंटरवर झालेली आहे, आणि ती गाळून लिहिले असते तर लिहिण्याला फारसा अर्थ उरला नसता.

आजींचे वय ७१, वजन ५२ किलो. मधुमेहाला अठरा वर्षे झालेली, त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्र गोळी. घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. गोळ्या वेळेवर देण्याचे काम सुनेकडे, आणि ते ती मन लावून करते, हे आधीच सांगितले पाहिजे. कारण पुढे जे घडले ते हलगर्जीपणामुळे घडले नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत आजींच्या छातीच्या डाव्या बाजूपासून पाठीपर्यंत नागीण उठली. शेजारणीने गेरू लावण्याचा सल्ला दिला आणि नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांना भिडले की माणूस वाचत नाही, अशी धास्तीही घातली. सुनेने ते मनावर न घेता तिसऱ्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांना दाखवले, विषाणूविरोधी गोळ्यांचा सात दिवसांचा कोर्स झाला आणि फोड सुकले. आग मात्र राहिली. ब्लाउजची शिवण किंवा लुगड्याचा पदर नुसता घासला तरी निखारा टेकवल्यासारखे होई आणि रात्र बसून काढावी लागे. फेब्रुवारीच्या अखेरीस डॉक्टरांनी गॅबापेंटिन सुरू केले: पहिला आठवडा रात्री ३०० मिलिग्रॅम, पुढचा आठवडा सकाळ-रात्र, आणि त्यानंतर दिवसातून तीन वेळा, म्हणजे एकूण ९००. मार्च संपेपर्यंत आजींना सलग पाच तास झोप लागू लागली होती. या औषधाला घरात ‘नागिणीची गोळी’ असे नाव पडले.

औषधाचा स्वभाव

गॅबापेंटिन हे मुळात फिट येणाऱ्या रुग्णांसाठी आलेले औषध. अमेरिकेत त्याला त्या कारणासाठी १९९३ मध्ये मान्यता मिळाली आणि नागिणीनंतर रेंगाळणाऱ्या वेदनेसाठी २००२ मध्ये. नावात मेंदूतल्या ‘गाबा’ या रसायनाची छाया असली तरी पेशींवर गाबा जेथे चिकटते त्या जागांवर (रिसेप्टरवर) ते काम करत नाही. मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियमच्या वाहिन्यांच्या एका भागाला ते चिकटते आणि तेथून पुढे जाणारे उत्तेजक संदेश कमी करते. फिट काय किंवा विषाणूने पोळलेल्या मज्जातंतूची आग काय, दोन्हींत मज्जातंतू नको तेव्हा आणि नको तितके संदेश पाठवत असतात. म्हणूनच एक औषध दोन्हीकडे चालते.

या प्रकरणाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. बहुतेक औषधे यकृतात मोडली जातात; गॅबापेंटिन मोडले जात नाही. जसे पोटात जाते तसेच ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड धड असेल तर रक्तातले निम्मे औषध साधारण पाच ते सात तासांत निघून जाते. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली, तर तेवढ्याच कामाला सरासरी ५२ तास लागू शकतात. म्हणजे दोन दिवसांहून अधिक. आणि तेवढ्या काळात पुढच्या पाच-सहा गोळ्या पोटात गेलेल्या असतात.

म्हणून या औषधाची मात्रा क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायच्या रक्तातल्या एका टाकाऊ पदार्थाच्या, आकड्यावरून काढलेल्या क्षमतेनुसार ठरवतात. हिशोब साधा आहे: १४० मधून वय वजा करायचे, उरलेल्याला वजनाने गुणायचे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि रुग्ण स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचे. आजींचे जानेवारीतले क्रिएटिनिन १.३ होते. प्रयोगशाळेच्या कागदावर ते नेहमीच्या मर्यादेच्या जरासेच वर दिसते आणि पाहणारा पान उलटतो. हिशोब केला तर गाळण्याची क्षमता निघते सुमारे ३३. मिनिटाला ३० ते ५९ या गटासाठी दिवसाची एकूण मात्रा ४०० ते १४०० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, अशी सांगितलेली आहे. तेव्हा ९०० ही एकूण मात्रा बसत होती, पण आजी त्या गटाच्या अगदी खालच्या काठावर उभ्या होत्या, आणि हे त्या वेळी ना डॉक्टरांनी कोठे लिहिले होते, ना मी विचारले होते.

एप्रिल: मोबाइलवर वाचून बंद केलेली गोळी

एप्रिलच्या मध्यावर एका लग्नात नातेवाइकांपैकी कोणीतरी गोळीचे नाव मोबाइलवर शोधले आणि सांगितले, “हे तर मिरगीचं औषध आहे. आजीले कधी मिरगी होती?” घरात खळबळ उडाली. आपल्याकडे फिटच्या औषधाला अजूनही एक डाग चिकटलेला आहे. शिवाय चुकीचे औषध चालू आहे, ही शंका आली की डॉक्टरांना फोन करून विचारण्यापेक्षा गोळी थांबवणे सोपे वाटते. त्याच रात्री गोळी बंद झाली.

दुसऱ्या दिवसापासून आजींना घाम, अस्वस्थता आणि मळमळ सुरू झाली, झोप पूर्ण गेली आणि आग पूर्वीपेक्षा जास्त भडकली. हे औषध किमान एका आठवड्यात, आणि वयस्कर माणसात त्याहून सावकाश, उतरवत बंद करायचे असते. फिटच्या रुग्णाने ते एकदम सोडले तर एकामागून एक फिट येण्याचा धोका असतो. वेदनेसाठी घेणाऱ्यांत तो धोका कमी असला तरी शरीर निषेध नोंदवतेच. पाचव्या दिवशी कंटाळून घरच्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, तीही थेट तीन वेळा. दोन दिवस आजी झोपाळल्यासारख्या होत्या, मग सावरल्या. डॉक्टरांना यातले काहीच कळवले गेले नाही, कारण ‘आता ठीक आहे’.

या प्रसंगाचा खरा परिणाम पुढे दिसला. त्या पाच दिवसांत दुखणे इतके वाढले होते की कमरेची जुनी तक्रार आणि पायांची आगही त्यात मिसळून गेली, आणि मुलाने ठरवले की हाडांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवावे. औषध अचानक सोडले, म्हणून दुखणे उसळले. दुखणे उसळले, म्हणून दुसरी चिठ्ठी आली.

दुसरी चिठ्ठी

एप्रिल संपताना आजींना धंतोलीतल्या एका रुग्णालयात नेले. तेथे विचारले गेले, कोणती औषधे चालू आहेत? मुलाने उत्तर दिले, “शुगरच्या, बीपीच्या आणि नागिणीच्या गोळ्या चालू आहेत.” उत्तर खरे होते. पण गोळ्यांची पाकिटे घरी होती, आणि ‘नागिणीची गोळी’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात विषाणूविरोधी औषधच येणार.

तेथून रात्री एक वेळ घ्यायची एक संयुक्त गोळी मिळाली, जिच्यात गॅबापेंटिन ४०० आणि नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम एकत्र होते, आणि सकाळ-रात्र घ्यायची ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची वेदनाशामक गोळी. संयुक्त गोळीचे व्यापारी नाव पहिल्या गोळीच्या नावाशी अजिबात मिळतेजुळते नव्हते. रंग वेगळा, आकार वेगळा, पाकीट वेगळे. घरात तिला ‘कमरेची गोळी’ म्हणू लागले. अशा रीतीने एकच औषध एका घरात दोन नावांनी राहू लागले.

पहिल्या पंधरा दिवसांची औषधे रुग्णालयातल्याच दुकानातून घेतली गेली. मेच्या मध्यावर मुलाने उरलेल्या पंधरा दिवसांसाठी दोन पाकिटांचा फोटो आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवला. ट्रॅमाडॉलवर २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याचे निर्बंध आहेत, म्हणून मी मूळ चिठ्ठी मागितली. मुलगा चिठ्ठी घेऊन आला. मी तारीख पाहिली, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक पाहिला, गोळ्यांची संख्या जुळवली. ट्रॅमाडॉलच्या ओळीवर माझे सगळे लक्ष होते. तिच्या वरची ओळ मी वाचली आणि तरीही वाचली नाही. आमच्याच संगणकात त्याच आजींच्या नावावर दर महिन्याला गॅबापेंटिनची बिले होती. बिले करण्याची आमची प्रणाली व्यापारी नावाने चालते, आतल्या औषधाने नाही. हे कारण आहे, सबब नाही.

समस्या: नवतपातले चार दिवस

मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, सुरू झाला. नागपूरकरांना त्याचे वर्णन नको. पारा ४५ अंशांच्या आसपास, दुपारी रस्ते ओस, आणि घरोघरी कूलरमध्ये पाणी भरण्याची धांदल. आजींना दोन दिवस जुलाब झाले. खाणे-पिणे कमी झाले, पण रक्तदाबाची गोळी, जिच्यात लघवी वाढवणारे औषध होते, ती नेमाने चालू राहिली. कंबर दुखते म्हणून घरात मुलासाठी आणून ठेवलेल्या एसिक्लोफेनॅकच्या गोळ्याही तीन दिवस दिल्या गेल्या. शरीरातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाला त्रास देणाऱ्या तीन गोष्टी अशा एकत्र आल्या: उष्मा व जुलाब, लघवीची गोळी आणि वेदनाशामक.

तिसऱ्या दिवशी आजी दिवसभर पेंगत राहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी कूलरपाशी सांडलेल्या पाण्यावर पाय घसरून त्या पडल्या. सुदैवाने हाड वाचले. चहा घेताना हाताला एकाएकी झटका बसून कप उडाला, आणि बोलणे जड झाले. घरात निदान ठरले होते: ऊन लागले. कैरीचे पन्हे देऊन झाले, उशाशी कांदा ठेवून झाला. अकराच्या सुमारास सून ओआरएसची पाकिटे घ्यायला दुकानात आली आणि म्हणाली, “भाऊ, आईंना ऊन लागलं वाटते. नुसत्या झोपून राहिल्या, आन् हात झटके मारून राहिले.”

ऊन लागल्याने गुंगी येते, हे खरे. ‘झटके’ हा शब्द मात्र मला खटकला. मी तिला म्हटले, “ताई, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा. मुलाच्याही आणा.” पंधरा मिनिटांत पिशवी आली. काउंटरवर सगळी पाकिटे उलटी करून त्यांच्या मागची बारीक अक्षरे वाचत गेलो आणि दोन पाकिटांवर एकच नाव सापडले. ९०० अधिक ४००, म्हणजे रोज १३०० मिलिग्रॅम गॅबापेंटिन, शिवाय गुंगी आणणारी आणखी दोन औषधे.

येथे एक बारकावा आहे. जानेवारीच्या आकड्यावर पाहिले तर १३०० हीदेखील कागदावर कमाल मर्यादेच्या आतच होती. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी ‘मात्रा बरोबर आहे, ऊनच असेल’ असे म्हणून मोकळा झालो असतो. पण जानेवारीतले मूत्रपिंड आणि जुलाबाच्या चौथ्या दिवशीचे मूत्रपिंड एकच असेल, असे मानायला काही आधार नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरच्यांचा होता: ओआरएस द्यावे, संध्याकाळपर्यंत पाहावे. मुलगा बुटीबोरीला कामावर गेला होता आणि एवढ्या उन्हात आजींना बाहेर काढणेही जिवावर येत होते. यात धोका असा की जड बोलणे आणि पडणे ही पक्षाघाताचीही लक्षणे असतात आणि त्यात तासांचा हिशोब असतो. शिवाय ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसाने नीट खाल्ले नसेल तर साखर उतरूनही असेच दिसते. या दोन शक्यता दुकानात उभे राहून मला नाकारता येणार नव्हत्या.

दुसरा पर्याय सुनेने स्वतःच सुचवला: “सगळ्याच गोळ्या बंद करून टाकू का?” एप्रिलचा अनुभव ताजा असूनही हा विचार प्रथम येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यात आणखी एक फसवणूक दडलेली होती. मूत्रपिंड मंद असताना औषध रक्तातून उतरायला दोन-दोन दिवस लागतात. गोळी बंद करूनही संध्याकाळपर्यंत फरक दिसला नसता, घरच्यांनी ‘म्हणजे गोळीचा दोष नाही’ असा निष्कर्ष काढला असता, आणि गोळी कदाचित पुन्हा सुरू झाली असती.

तिसरा, मात्रा निम्मी करणे. हे ऐकायला समंजस वाटते, पण कशाच्या निम्मी? क्रिएटिनिन ठाऊक नसताना तो निव्वळ अंदाज होता आणि तो करण्याचा अधिकार माझा नव्हता.

चौथा, त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी. हाच धरला, फक्त तेथे पोहोचेपर्यंतच्या तासाभरात काय करायचे, हा प्रश्न उरला.

प्रत्यक्ष काय केले

सुनेला मी आधी एकच प्रश्न विचारला: आजींना आयुष्यात कधी फिट आली आहे का? उत्तर ‘नाही’ आले, तेव्हा सांगितले की डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत दुपारची गॅबापेंटिनची गोळी देऊ नका, ट्रॅमाडॉल आणि एसिक्लोफेनॅक तर नकोच. मग घरच्या यंत्रावर साखर तपासायला लावली; ९४ आली. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता, त्यावर ९२ दिसत होते. छातीकडे पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला सांगितले, बारा भरले. श्वास मोजण्याचे कारण असे की गॅबापेंटिन व त्याच्या जातीतली औषधे अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर किंवा इतर गुंगीच्या औषधांबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो, आणि वय जास्त असेल किंवा फुप्फुसे कमजोर असतील तर धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला आहे. ट्रॅमाडॉल अफूवर्गीय आहे. हाक मारून जाग येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा श्वास आणखी मंद झाला तर कोणालाही न विचारता थेट कॅज्युअल्टी गाठायची, हेही बजावले.

तोवर मी फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. लांबण लावली नाही: वय, वजन, जानेवारीचे क्रिएटिनिन, दोन्ही पाकिटांतले गॅबापेंटिन, ट्रॅमाडॉल, नॉरट्रिप्टिलिन, जुलाब, एसिक्लोफेनॅक, झटके, जड जीभ. दोन क्षण पलीकडे शांतता होती. मग ते म्हणाले, “दवाखान्यात आणू नका, सरळ भरती करा. मी तिकडे फोन करतो.” दुपारी एकच्या आत आजी जवळच्या रुग्णालयात पोहोचल्या.

तेथे सर्वांत आधी मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्यात काही निघाले नाही. हात पुढे ताठ करायला लावले तेव्हा दोन्ही पंजे थोड्या थोड्या वेळाने खाली गळून पुन्हा वर येत होते, जे शरीरात औषध किंवा टाकाऊ द्रव्ये साठल्यावर दिसते. रक्तदाब १००/६०. क्रिएटिनिन १.९, म्हणजे आजींच्या वय-वजनाला गाळण्याची क्षमता सुमारे २२. हा आकडा आला आणि हिशोब बदलला: १५ ते २९ या गटात दिवसाची पूर्ण मात्रा २०० ते ७००, तीही एकाच वेळेला. आजी घेत होत्या १३००. सोडियमही १२९ पर्यंत उतरले होते; लघवीच्या गोळीने आणि जुलाबाने ते उतरू शकते आणि त्यानेही माणूस पेंगतो, गोंधळतो. त्यामुळे सगळा भार एकट्या गॅबापेंटिनवर टाकणे बरोबर ठरणार नाही. ट्रॅमाडॉलचाही वाटा होता, आणि कदाचित नॉरट्रिप्टिलिनचाही. ही दोन्ही औषधे फिट येण्याचा उंबरठा खाली आणतात. फिटच्या औषधासोबत फिट सोपी करणारी औषधे एकाच ताटात वाढली गेली होती, ही यातली विचित्र गोष्ट.

डॉक्टरांनी सलाइन लावले. ट्रॅमाडॉल, एसिक्लोफेनॅक आणि संयुक्त गोळी कायमची बंद केली. रक्तदाबाची गोळी आणि मेटफॉर्मिन तूर्त थांबवले. गॅबापेंटिनचा निर्णय मला सर्वांत विचारपूर्वक वाटला. ते पहिल्या दिवशी पूर्ण थांबवले आणि दुसऱ्या रात्रीपासून फक्त ३०० दिले. १३०० वरून ३०० ही एरवी मोठी उडी ठरली असती, पण मूत्रपिंड मंद असल्याने रक्तातले औषध आपोआपच हळूहळू उतरणार होते. एप्रिलमधल्यासारखी तगमग होऊ नये म्हणून धागा पूर्ण तोडला नाही.

परिणाम

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजींनी नातवाला नावाने हाक मारली. झटके तिसऱ्या दिवशी थांबले. पाचव्या दिवशी त्या घरी आल्या, आणि बाराव्या दिवशीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.४ आले, म्हणजे क्षमता पुन्हा ३० च्या आसपास. रक्तदाबासाठी लघवीच्या औषधाविना नुसते टेल्मिसार्टन सुरू झाले.

वेदनेचे काय, हा प्रश्न उरलाच होता. जूनअखेर मात्रा सकाळी १०० आणि रात्री ३०० अशी स्थिरावली, सोबत दुखऱ्या पट्ट्यावर लिग्नोकेनचे मलम आणि लागेल तेव्हा पॅरासिटामॉल. पायांची आग मधुमेहाने बिघडलेल्या मज्जातंतूंची होती आणि तीही याच गोळीने बरीच निवली. ‘कमरेच्या गोळी’तल्या गॅबापेंटिनची वेगळी गरज कधी नव्हतीच. पूर्वी ९०० वर जेवढा आराम होता त्यापेक्षा थोडा कमीच आराम आता मिळतो, असे आजी म्हणतात, पण दिवसा डोके जागेवर राहते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोळी देतानाच मी एक वाक्य बोललो असतो, की हे औषध फिटसाठीही वापरतात पण तुम्हाला मज्जातंतूंच्या आगीसाठी दिले आहे आणि मनाने एकदम बंद करायचे नाही, तर एप्रिलचा प्रसंग बहुधा टळला असता, आणि धंतोलीची फेरीही कदाचित. त्या वेळी काउंटरवर गर्दी होती, असे मला आठवते. गर्दी रोजच असते.

फॅमिली डॉक्टरांनी नंतर स्वतःहून सांगितले की क्रिएटिनिनवरून क्षमता काढून ती फाइलवर लिहायला हवी होती. मात्रा बसली, ती त्यांच्या अनुभवाने. पण काठावर आहोत हे लिहिलेले असते तर जुलाबाच्या पहिल्या दिवशी घरच्यांना फोन करायचे कारण मिळाले असते. आता आजींच्या फ्रिजवर सुनेच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: जुलाब, उलटी किंवा खाणे-पिणे बंद झाले तर रक्तदाबाची, साखरेची आणि गॅबापेंटिनची गोळी पुढे द्यायची की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारणे, वेदनाशामक स्वतःहून न देणे.

चुकलेल्या गोळीबद्दलही तेव्हाच बोलायला हवे होते. सून सकाळची गोळी राहिली की दुपारी दोन देत असे, असे पिशवी तपासताना कळले. आतड्यातून हे औषध एका ठरावीक वाहकामार्फत शोषले जाते आणि तो वाहक भरून गेला की उरलेले वाया जाते. दिवसाला ९०० घेतले तर सुमारे ६० टक्के रक्तात पोहोचतात, २४०० घेतले तर जेमतेम ३४ टक्के. म्हणजे दोन एकदम देऊन राहिलेल्या गोळीची भरपाई पुरती होत नाही, आणि कमजोर मूत्रपिंडाच्या माणसाला गुंगी मात्र येते. पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली गोळी सोडून द्यावी. आम्लपित्तासाठी आजी घेत त्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ औषधाने शोषण सुमारे २० टक्क्यांनी घटते, म्हणून त्यानंतर दोन तास तरी गॅबापेंटिन घेऊ नये. हेही मी पिशवी तपासली तेव्हाच सांगितले.

दुकानात आम्ही दोन बदल केले. पाकिटाच्या फोटोवर औषध द्यायचे नाही. आणि मेंदू, मज्जातंतू किंवा वेदनेवरचे कोणतेही औषध देताना लिफाफ्यावर आतल्या औषधाचे नाव मराठीत, ठळक अक्षरांत लिहायचे. संयुक्त गोळी असेल तर सगळी नावे. यात वेळ जातो. एक जुने गिऱ्हाईक “एवढी चौकशी तर पासपोर्टलेही नाही होत” म्हणून रागावून समोरच्या दुकानात गेले, ते अजून परतलेले नाही.

एका गोष्टीवर माझे मन अजून स्थिर झालेले नाही. डॉक्टरांशी बोलण्याआधीच दुपारची गोळी थांबवा, असे मी सांगितले. आजींच्या बाबतीत ते योग्य ठरले, आणि फॅमिली डॉक्टरांनीही त्याला आक्षेप घेतला नाही. पण हेच औषध फिटसाठी घेणारा एक तरुण आमच्याकडे दर महिन्याला येतो. त्याच्या आईने असाच झोपेचा आणि झटक्यांचा प्रश्न आणला असता, तर तेच वाक्य घातक ठरू शकले असते. तेथे गोळीला हात न लावता थेट डॉक्टर गाठणे हाच मार्ग. म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूला, फक्त आम्हालाच दिसेल असा एक कागद आता चिकटवलेला आहे, आणि त्यावर पहिला प्रश्न लिहिलेला आहे: ही गोळी फिटसाठी चालू आहे की दुखण्यासाठी?